जाड होत जाणारी भिंत

लोखंड झिजतं, गंजतं, वाकतं, फुटतं. वय वाढेल तसं जाड होतं ते फक्त माणूस. त्यामुळे रोह्याजवळच्या त्या कंपनीतले साहेब जेव्हा हसतमुखाने म्हणाले, "मॅडम, आमचा कंडेन्सर एकदम उत्तम आहे, मागच्या तपासणीपेक्षा जाडी जास्तच भरलीय," तेव्हा मी त्यांच्याकडे असं काही बघितलं असणार, की त्यांनी गडबडीने चहाचा कप माझ्यापुढे सरकवला. मी चहा घेतला. संशय आला म्हणून चहा सोडायचा नसतो.

माझा स्वभाव मुळातच संशयी. "आमच्या सुनेला दुधात पाणी सापडलं नाय, तर ती म्हैस बघायला जाईल," असं सासूबाई रोह्याला लागून असलेल्या अष्टमी गावात, आमच्या आळीत सगळ्यांना सांगत, आणि ते काही खोटं नव्हतं. मेकॅनिकलचा डिप्लोमा करून मी पेणच्या एका छोट्या ऑफिसात लागले होते. बॉयलर, टाक्या, कंडेन्सर यांच्या भिंती किती जाड असायला हव्यात आणि प्रत्यक्षात किती जाड उरल्यात, हे शोधून सांगणं आमचं काम. म्हणजे संशय घेण्याबद्दल दरमहा पगार. देवाने माणूस आणि काम यांची इतकी बेमालूम जोडी फार कमी वेळा जमवली असेल.

मुंबईच्या गिरण्या बंद पडून त्यांची यंत्रं कुठे कुठे विकली जात होती, त्या वर्षांतली ही गोष्ट. या कंपनीने एका बंद गिरणीतला वीज करणारा टर्बाइनचा जुना सेट आणून बसवला होता, कंडेन्सरसकट. कंडेन्सर म्हणजे आडवी निजवलेली भलीमोठी पोलादी टाकी. टर्बाइन फिरवून थकलेली वाफ तिच्यात उतरते, आतून थंड पाणी वाहणाऱ्या नळ्यांवर आदळून तिचं पाणी होतं, आणि वाफेने व्यापलेली जागा एकदम रिकामी पडल्याने आत व्हॅक्यूम तयार होतो. सासूबाईंना ही भानगड मी डब्यावरून समजावली होती. गरम भात स्टीलच्या डब्यात भरून झाकण घट्ट बसवलं, की निवल्यावर ते काही केल्या निघत नाही. आतली वाफ विरते आणि बाहेरची हवा झाकण दाबून धरते. कंडेन्सरमध्ये तेच होतं, फक्त तिथे हवेचा भार दर चौरस मीटरला जवळजवळ दहा टन असतो, आणि तो चोवीस तास भिंतीवर बसलेला असतो. सासूबाई म्हणाल्या, "मग माझा पोरगा तिथं काय करतो?"

तोच तर प्रश्न होता. माझा नवरा त्याच टर्बाइनवर ऑपरेटर होता. जागा अपुरी म्हणून तिथलं पॅनेल कंडेन्सरच्या अगदी शेजारी मांडलं होतं, आणि पॅनेलसमोरच्या खुर्चीत तो शिफ्टभर बसायचा. कितीतरी वर्षं तो कंत्राटावर होता. या दिवाळीनंतर कायम करतो, असा त्याला साहेबांनी शब्द देऊन ठेवला होता, आणि घरात सगळ्या गोष्टी त्या दिवाळीनंतरवर टाकलेल्या होत्या. मागच्या पडवीवर पत्रे घालायचेसुद्धा.

नवरा तिथे कामाला आहे हे मी आमच्या ऑफिसातल्या थोरल्या साहेबांना आधीच सांगितलं. ते म्हणाले, "पेण-रोह्यात ज्या कंपनीत कुणाचंच कुणी नाही अशी शोधायची, तर आपल्याला ऑफिसला टाळं लावावं लागेल. जा तू." त्यामुळे मी गेले.

गिरणीबरोबर त्या कंडेन्सरची ड्रॉइंगंही गेली होती. भिंत किती जाड हवी हे सांगणारा कागद कुणाकडेच नव्हता, त्यामुळे ते मलाच काढायचं होतं. लोकांना वाटतं, जाडी म्हणजे ताकद, जितकी जास्त तितकी बरी, संपलं. आतून दाब असलेल्या भांड्याच्या बाबतीत हे बरंचसं खरं आहे. तिथे पत्रा ताणला जातो, आणि ताणताना वाकडं असेल तेही सरळ होतं. बाहेरून दाब आला की उलटं. जे जरासं वाकडं आहे ते अजून वाकडं होतं, आणि एकदा का ते आत जायला लागलं की मधे थांबत नाही. पत्रा तुटायच्या कितीतरी आधी आत चेपून बसतो. त्यामुळे नुसती जाडी पुरत नाही. टाकीचा घेर केवढा, तिला आधार देणाऱ्या कड्यांमधलं अंतर किती, गोलाई कुठे चपटलीय का, हे सगळं बघावं लागतं. मी टेप लावून मापं घेतली, हातोडीने टकटक करत आतले आधार कुठे आहेत ते हुडकलं, गोलाई तपासायला पुठ्ठ्याचा साचा कापून तो भिंतीवर ठिकठिकाणी धरून पाहिला. मग पेणच्या ऑफिसात बसून आकडेमोड केली. पत्र्याच्या दर्जाबद्दल खात्री नव्हती म्हणून सगळ्यात वाईट पत्रा धरला. कड्यांच्या वेल्डिंगवर विश्वास नव्हता म्हणून त्यांचा आधार पुरता धरला नाही. एवढं करून किमान जाडी आली नऊ मिलीमीटर. नव्या पत्र्याची मूळ जाडी बारा असावी, असं कडांवरून दिसत होतं. मधले तीन मिलीमीटर ही त्या कंडेन्सरची आयुष्यभराची शिदोरी.

आणि भिंत मोजली तर माझ्या डी-मीटरवर आकडा आला तेराच्या जवळपास.

डी-मीटर म्हणजे जाडी मोजायचं हातातलं यंत्र. भिंतीला ग्रीस लावून त्याचा खुंट टेकवायचा, तो आवाजाची लहर आत सोडतो, ती पलीकडच्या बाजूवर आपटून परत येते, आणि लागलेल्या वेळावरून जाडी कळते. त्याला रंग आणि लोखंड यांतला फरक कळत नाही. रंगातून आवाज सावकाश जातो, त्यामुळे रंगाचा थर आहे त्यापेक्षा दुपटीने जाड मोजला जातो. हे मला ठाऊक होतं. पण एका हाताच्या रंगाने एवढी सूज येत नाही. कुठेतरी पाणी मुरत होतं.

दसरा नुकताच होऊन गेला होता. कंडेन्सरच्या गळ्यात झेंडूची माळ होती, अंगावर हळदकुंकवाचं स्वस्तिक होतं, आणि नवा कोरा करडा रंग असा लख्ख होता की त्यात ट्यूबलाइट दिसत होती. आमच्याकडच्या कंपन्यांतून ही रीतच आहे. दसऱ्याला यंत्र धुवायचं, रंगवायचं, पूजा करायची. मी म्हटलं, "साहेब, रंग खरवडून मोजावं लागेल."

"अहो मॅडम, आता कुठे पूजा झालीय! पोरं नाराज होतील. मागची पार्टी मुंबईची होती, त्यांनीही रंगावरूनच मोजलं. साडेबारा आलं होतं."

"आणि आता तेरा."

"मग चांगलंच आहे की!"

मांजर डोळे मिटून दूध पितं, तसा चेहरा. हा माणूस काय लपवतोय, असं मनात म्हणत मी कंडेन्सरभोवती पुन्हा एक फेरी मारली, आणि थंड पाणी आणणाऱ्या पंपाच्या बाजूला आले तेव्हा माझा पाय जागीच थांबला.

टाकीच्या टोकाला जिथे मोठी फ्लँज, म्हणजे जोडाची बोल्टवाली कड असते, तिथे करड्यावर लाल पट्टा ओढला होता. सरळ पट्टा कुणीही ओढतो, चिकटपट्टी लावून. हा हाताने ओढलेला होता, आणि जिथे संपत होता तिथे कुंचल्याची एक बारीकशी उचल होती. पितांबराचा काठ गणपतीच्या मांडीवरून वळून खाली जातो ना, तिथे असते तशी. ती उचल मी लहानपणापासून बघत आले होते. माझं माहेर पेणचं, गणपतीच्या कारखान्याचं. ती उचल माझ्या थोरल्या भावाची होती.

मी भिंतीवरून हात फिरवला. खालच्या अंगाला, जिथे कंडेन्सर जुना झाला की हमखास खरबरीत होतो, तिथे ती गणपतीच्या पोटासारखी गुळगुळीत होती. आणि मला धडकीच भरली.

त्या संध्याकाळी जेवताना मी नवऱ्याला विचारलं, "दसऱ्याला तुमचा कंडेन्सर कोण रंगवतो?"

"पेंटर."

"कुठला?"

"पेणचा."

"पेणचा कोण, अहो?"

त्याने घास खाली ठेवला. "तुझा भाऊस. माहीत हाय, तर विचारतेस कशाला?"

बरीच वर्षं हे चाललं होतं. गणपती गेले की कारखान्यात कामं थंडावतात. दादाने नवऱ्याकडे शब्द टाकला होता, आणि धाकट्या बहिणीच्या नवऱ्याकडे काम मागावं लागलं हे बहिणीला कळू नये, अशीही अट घातली होती. नवऱ्याने ती पाळली. ऐकायला हे सगळं किती सरळ, किती सोज्ज्वळ! पण घरातला माणूस आपल्यापासून एक गोष्ट इतकी बेमालूम लपवू शकतो, तर दुसरीही लपवू शकतो, हे माझ्या डोक्यात बसलं ते बसलंच.

पुढचे काही दिवस मी त्याच्यावर पाळत ठेवून होते म्हटलं तरी चालेल. त्याने मोजमापाबद्दल विचारलं, की वाटायचं, साहेबाने विचारायला लावलंय. नाही विचारलं, की वाटायचं, याला उत्तर आधीच ठाऊक आहे. तो सासूबाईंशी हळू बोलला तर मी स्वयंपाकघरातून कान टवकारायची. ते पडवीच्या पत्र्यांबद्दल बोलत असायचे. पत्रे कशाच्या जोरावर घालायचे, तर कायम होण्याच्या. आणि कायम कशाच्या जोरावर, तर सेट चालू राहण्याच्या. धागा नेहमी तिथेच यायचा. भिंत पातळ निघाली तर सेट बंद, आणि सेट बंद तर कायम होण्याची ऑर्डर बंद. भिंत पातळ असून सेट चालू ठेवला, तर तिच्या शेजारच्या खुर्चीत हाच. नोकरीसाठी तो त्या खुर्चीत गुपचूप बसून राहील का? मला वाटत होतं, राहील. आमच्याकडची माणसं राहतात. याच भीतीने मी रविवारी पेणची एसटी पकडली.

दादा कारखान्याच्या मागच्या अंगणात साचे धूत बसला होता. मला बघून त्याने हात पुसले.

"काय गो, अवचित? घरी सगळं बरं हाय ना?"

"बरं आहे. दादा, तू रोह्याला ते मोठं टाकं रंगवतोस ना?"

तो ओशाळला. "सांगितलं वाटतं भावोजींनी."

"त्यांनी नाही सांगितलं. तुझा पट्टा ओळखला मी." यावर तो जरा खूश झाला, ते मला दिसलं. मी विचारलं, "रंगाच्या आधी त्याच्या अंगाला खड्डे होते?"

"होते की! देवीचे वण असावेत तसं अंग होतं पहिल्या साली. खालच्या बाजूला तर लईच. तिथं पाणी झिरपतं पंपाकडलं, नि उन्हाळ्यात भरतीचं मचूळ पाणी नदीनं वर चढतं, तेच त्या पंपात येतं."

"मग तू काय केलंस?"

"काय करणार? भरले. पुट्टी भरायची, वाळली की घासायची, परत भरायची. वरनं रंग." त्याने हवेतच तळहात असा फिरवला, जणू समोर ते पोट होतं. "आता हात लाव, कुठं खड्डा लागतो का बघ."

"तुला कुणी सांगितलं होतं भरायला?"

"सांगाया कशाला पायजे? तसंच ठेवून पूजा करतात व्हय?"

माझ्या डोक्यात आठवडाभर एक कट शिजत होता. साहेब, मुंबईची पार्टी, कुणीतरी पैसे चारून सडलेली भिंत झाकतंय, असा. आणि इथे माझा भाऊ बसला होता, ज्याच्या हाताला खड्डा सहन होत नाही. सडका पत्रा त्याने इतक्या मायेने झाकला होता, की कुठल्याही चोराला जमलं नसतं. बरं, झाकलं ते नुसतं झाकलं नव्हतं. पुट्टी दिसायला लोखंडासारखी, पण तिच्या कडेने खारं पाणी आत शिरतं आणि तिथेच दबा धरून बसतं. रंगाखाली लोखंड वर्षभर गुपचूप खाल्लं जात होतं, आणि पुढच्या दसऱ्याला दादा नवा खड्डा भरत होता.

"दादा, सगळ्यात खोल कुठे होतं?"

"पंपाच्या बाजूला, खाली. यंदा तर निम्मं नख बुडंल एवढी पुट्टी गेली." त्याने अंगठा आडवा धरून दाखवला. "दरसाल जास्तच खातो तो भाग. भावोजींनीच दावला. म्हणले, इथं लई वाईट दिसतं, इथं नीट कर."

"त्यांनी दाखवला?"

"व्हय. काय चुकलं का गो?"

यंत्र चालू असताना हा त्या भिंतीला अंग टेकून, तिच्या सगळ्यात पातळ जागेवर, पॉलिश पेपर घासत बसत होता. मी त्याला एवढंच म्हटलं, की पुढच्या दसऱ्याला त्या जागेला हात लावायचा नाही. वहिनीने चहा टाकला होता, तो न घेताच निघाले.

एसटीत खिडकीशी बसून मी एकाच वाक्याचा कीस पाडत होते. इथं लई वाईट दिसतं, इथं नीट कर. वाईट दिसतं म्हणून नीट कर, की कुणाला दिसू नये म्हणून? दादाबद्दल माझ्या मनात आता काही किंतु उरला नव्हता. सगळा संशय एका माणसावर येऊन ठेपला होता, आणि त्याच माणसाचा डबा मला दुसऱ्या दिवशी सकाळी भरायचा होता. मला त्याचा राग येत होता, आणि त्याची काळजीही वाटत होती, आणि दोन्ही एकाच वेळी वाटण्याचा त्रास मी तोवर कधी भोगला नव्हता.

थोरल्या साहेबांना मी सगळं सांगितलं. त्यांनी कंपनीत फोन करून रंग खरवडल्याशिवाय आम्ही काहीच लिहून देणार नाही असं कळवलं, आणि मी पुन्हा तिथे गेले. या वेळी चहा आला नाही.

"तुमचे मिस्टर आमच्याकडेच आहेत नाही का?" साहेब म्हणाले. "चांगला माणूस. दिवाळीनंतर त्यांच्या ऑर्डरचं चाललंय."

"हो, कळलंय. मला पंपाच्या बाजूला खरवडायचंय."

"तिकडे कशाला? इथे वर घ्या ना, उजेडही आहे."

"उजेडाला बॅटरी आणलीय."

नवरा पॅनेलसमोर बसला होता. माझ्याकडे त्याने एकदा बघितलं आणि पुन्हा घड्याळांकडे वळला. मी खाली बसून पोलादी पत्तीने हलक्या हाताने रंग काढायला लागले. करड्याखाली हिरवा निघाला, हिरव्याखाली निळा, मग पुन्हा करडा. एकेका दसऱ्याचा थर. त्याखाली पुट्टी, घट्ट, एकजीव, दादाच्या हातची. ती निघाली तशी मागून काळपट ओली पापडी सुटून आली, आणि तिच्याखाली पत्रा. तळहाताएवढी जागा साफ करायला मला बराच वेळ लागला, कारण माझाच हात आता जपून चालत होता. अलीकडून हवेच्या दहा टनांची बात होती, आणि मी त्या भिंतीला नाक लावून बसले होते.

ग्रीस लावलं, खुंट टेकवला. सहा. बाजूला सरकवला. सहाला थोडं कमी. पुन्हा पहिल्या जागी आणला. सहा.

साहेब माझ्यामागे वाकून उभे होते. त्यांनीही आकडा वाचला. "हळू बोला हं," ते म्हणाले, मी अजून काही बोललेही नव्हते. "हे बघा, इतकी वर्षं उभीय ना ही? आज लगेच काही होत नाही. दिवाळी होऊन जाऊ दे. सुट्टीत सेट बंद करू, पत्रा बदलू. तोवर तुम्ही फक्त तपासणीचं काम चालू आहे असं कळवा."

त्यांच्या म्हणण्यातली खरी अडचण अशी, की ते अगदीच खोटं नव्हतं. माझ्या नऊमध्ये सुरक्षिततेची भर धरलेली होती. सहावर भिंत उभी होती, हे आम्हा दोघांनाही दिसत होतं. अशी भिंत उद्याही उभी राहते, परवाही राहते, आणि तिला बसायचं असतं तेव्हा ती आधी सांगत नाही. अजून किती दिवस, हे सांगणारं कुठलंही सूत्र माझ्याकडे नव्हतं. आणि ज्याचा जीव त्यात अडकलेला, तो हाकेच्या अंतरावर बसला होता. मी मान वर करून त्याच्याकडे बघितलं. मला खात्री होती की आता हा उठून साहेबांच्या बाजूने बोलेल. निदान नजर तरी चुकवेल.

तो यंत्राच्या आवाजावर आवाज चढवून ओरडला, "किती?"

"मॅडम, नको," साहेब म्हणाले.

"सहा!" मी ओरडले.

"पायजे किती?"

"नऊ!"

तो उठला. आधी फोन उचलून त्याने बॉयलरवाल्यांना काहीतरी सांगितलं. मग सेटवरचा लोड उतरवला. साहेबांच्या ध्यानात यायला वेळ लागला. आलं तेव्हा ते "अरे ए, कुणाला विचारून" असं करत धावले, पण तोवर नवऱ्याने सेट ट्रिप करून बंद पाडला होता, आणि लगेच व्हॅक्यूम मोडायचा व्हॉल्व्ह उघडला. बाहेरची हवा शिट्टी मारत आत घुसली. माझ्या हाताखालचा पत्रा किंचित हलला, तो माझा भास होता की खरं, ते मला आजही सांगता येणार नाही. टर्बाइन थांबायला खूप वेळ घेते. ती सावकाश सावकाश उतरत गेली, मग कुठल्यातरी शेडमधले पंखे थांबले, दिवे गेले, आणि सगळीकडून माणसं काय झालं, काय झालं, करत यायला लागली. नवरा पॅनेलपाशी हात मागे बांधून उभा होता.

पुढचं आत्ताच सांगून टाकते. तो सगळा भाग कापून नवा पत्रा बसवला गेला, बाहेरून दोन जादा कडी वेल्ड केली गेली, आणि सेट पुन्हा सुरू झाला. नवऱ्याची ऑर्डर काही निघाली नाही. वरिष्ठांच्या हुकमाशिवाय सेट बंद केला म्हणून पुढचं कंत्राटही मिळालं नाही. पुढे तो डोलवीकडे दुसऱ्या ठेकेदाराकडे लागला, रोज तेवढा प्रवास करून. पडवीवर पत्रे चढायला बरीच वर्षं गेली.

पण त्या संध्याकाळी हे काही ठाऊक नव्हतं. आम्ही दोघं रोह्याच्या बाजारातून चालत पुलावर आलो. नदीला भरती होती. शेवटी मलाच राहवेना.

"खड्डे तुम्हीच दाखवले होते ना दादाला?"

"व्हय. गंज चढलेला दिसत होता. सणासुदीला कसं दिसतं ते!"

"एवढंच?"

"मग काय?" त्याने माझ्याकडे नवलाने बघितलं. त्या बघण्यात कुठे फट आहे का ते मी सवयीने शोधलं. नव्हती.

"ऑर्डर गेली ना आता?"

"गेली असंल."

"मग इतक्या घाईने बंद कशाला केलंत? साहेबांना आधी बोलू द्यायचं. मीटर चुकू शकतं. माझी नजर चुकू शकते. माझा नऊचा हिशेबसुद्धा चुकू शकतो, मी काय देव आहे? निदान म्हणायचं तरी, पुन्हा एकदा मोज."

"तू सहा म्हणालीस ना?"

"म्हणाले, पण..."

"तू म्हणालीस सहा," तो पुन्हा म्हणाला, एखाद्या मंद मुलाला सांगावं तसा, आणि चालायला लागला.

मी कठड्याला धरून उभी राहिले. गेले कित्येक दिवस या माणसाचा शब्द न् शब्द मी उलटापालटा करून तपासला होता, आणि याने माझ्या एका शब्दावर घरादाराचा आधार सोडून दिला होता, तोही उभ्या उभ्या. मला रडू आलं. येणारे-जाणारे बघत होते, तरी आवरेना.

बराच पुढे गेल्यावर मी बरोबर नाही हे त्याच्या लक्षात आलं. तो वळला आणि तिथूनच ओरडला, "चल गो, आई वाट बघत असंल."